सावकाराची वही व गाडगेबाबा



वलगाव येथे पेढी नदीच्या काठी ज्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात, त्या गाडगेबाबांस आपण सर्व जण खराट्यावरून ओळखतो. डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर, अंगात चिंध्या जोडून केलेला अंगरखा व हाती खराटा, असे त्यांचे चित्र आपल्या वऱ्हाडातील पुष्कळ शाळांच्या भिंतींवर आहे. गाव झाडणारा साधू म्हणून त्यांची कीर्ती झाली व ती योग्यच झाली. परंतु हा पुरुष लहानपणी ज्या दोन घरांत वाढला, ती दोन्ही घरे त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. एक दारूने बुडाले, दुसरे सावकाराच्या कर्जाने बुडाले. ही हकीकत त्यांच्या चरित्रांत स्पष्ट लिहिलेली असूनही खराट्याइतकी सांगितली जात नाही. आज ती सांगावयाची आहे. कारण मंडळीतील कर्जबाजारी झालेला मनुष्य आपल्या उपदेशकास जो प्रश्न विचारू इच्छितो पण बहुधा विचारीत नाही, त्या प्रश्नाशी तिचा निकट संबंध आहे. तो प्रश्न असा की, माझे दिवाळे निघाले आहे हे मी कोणास सांगू?

गाडगेबाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म इ. स. १८७६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २३ तारखेस अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. बापाचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई. घर मुळात खाऊनपिऊन सुखी होते. पुढे झिंगराजीस दारूचे व्यसन लागले. त्या काळी ज्ञातीत देवास बकरे कापणे व त्या निमित्ताने दारूची पंगत करणे ह्यात कोणास वावगे वाटत नसे. उलट जो अशी पंगत देई त्याचा मान वाढे. मान वाढत गेला व घर रिकामे होत गेले. देबू आठनऊ वर्षांचा असेल नसेल, तोच झिंगराजी मरण पावला. चरित्रकार लिहितात की, अखेरच्या दिवसांत त्याने आपल्या बायकोजवळ आपली चूक बोलून दाखविली आणि ह्या मुलास दारूपासून व बकऱ्याच्या नवसांपासून दूर ठेव, एवढेच मागणे मागितले.

ह्या ठिकाणी क्षणभर थांबणे अवश्य आहे. झिंगराजीने आपल्या नाशाची गोष्ट योग्य व्यक्तीला सांगितली ह्यात शंका नाही. घरधनिणीपेक्षा तिच्यावर अधिक हक्क कोणाचा? परंतु सांगितली ती केव्हा, तर सांगून घरात काही वाचण्याजोगे उरले नव्हते तेव्हा. सखूबाईच्या हाती नवऱ्याचे शेवटचे शब्द आले. शेत व गुरे आली नाहीत. तथापि ते शब्दही वाया गेले असे म्हणवत नाही, कारण पुढे त्या मुलाने आपल्या सबंध आयुष्यात दारूस शिवू दिले नाही, एवढेच नव्हे तर हजारो घरांतून ती घालविण्यासाठी आपली वाणी झिजविली.

विधवा सखूबाई मुलास घेऊन माहेरी आली. माहेर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे होते. तेथे तिचे वडील हंबीरराव व भाऊ चंद्रभान शेतकी करीत. देबू मामाच्या घरी गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. अक्षराची ओळख त्यास झाली नाही. अंगाने तो मोठा काटक निघाला. पोहण्यात व शेतकामात त्याचा हात धरणारा गावात थोडाच सापडे. इ. स. १८९२ मध्ये त्याचे लग्न कमालपूरच्या कुंताबाईंशी झाले. मामाच्या शेतावर देबूजी स्वतःचे म्हणून राबत होता, आणि पीकही चांगले येत होते. बाहेरून पाहणाऱ्यास ते घर वर येत आहे असेच दिसले असते.

आतली गोष्ट निराळी होती. चंद्रभानमामाने सावकाराचे कर्ज घेतले होते. ह्या सावकाराचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्याच्यासारखे त्या काळी तालुक्यातालुक्यात होते. चरित्रांत जी हकीकत आहे तिचा सारांश असा. मामा वेळोवेळी पैसे व माल भरीत गेला. परंतु जे भरले त्याची पावती त्याच्याजवळ नव्हती. सावकार सांगेल तो हिशेब व तो दाखवील तो आकडा. मामाला वाचता येत नव्हते, भाच्याला येत नव्हते, घरात कोणासच येत नव्हते. शेवटी एके दिवशी असे निघाले की कर्ज फिटले नाहीच, उलट वाढले आहे, आणि जमीन सावकाराच्या घशात गेली. मामाने त्या धक्क्याने हाय खाल्ली व थोड्याच काळात तो मरण पावला.

कर्ज फेडीत असता ते वाढते कसे, हे ज्यास ठाऊक नाही त्याच्यासाठी थोडा हिशेब मांडतो. उदाहरणार्थ, कोणी १०० रुपये दरमहा दर शेकडा २ रुपये व्याजाने घेतले. वर्षाचे व्याज २४ रुपये झाले. ते न दिल्यास सावकार नवा रोखा १२४ रुपयांचा लिहून घेई. दुसऱ्या वर्षाअखेर तो आकडा सुमारे १५४ होई, तिसऱ्या वर्षाअखेर १९१ च्या जवळ जाई, आणि चौथ्या वर्षाअखेर २३६ होई. मूळचे शंभर रुपये एकदाच मिळाले. वऱ्हाडात दामदुपटीचा जुना नियम मानला जाई, म्हणजे मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येत नसे. परंतु दर वर्षी नवा रोखा झाला की व्याजच मुद्दल होऊन बसे, आणि नियम कागदावर राही. बियाण्याचे धान्य घेतले असेल तर हंगामात त्याची सवाई किंवा दिढी करून परत द्यावी लागे. मध्ये जे काही भरले ते वहीत चढले की नाही, हे वहीवाल्यासच ठाऊक.

आणि वऱ्हाडची त्या वेळची स्थितीही अशीच होती. इ. स. १८५३ मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे जमिनीची मोजणी होऊन सारा ठरला व जमीन विकता येईल, गहाण टाकता येईल अशी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत, म्हणजे इ. स. १८६१ ते १८६५ पर्यंत, आपल्या कापसास अपूर्व भाव आला. आगगाडी आली, जिन आले, आणि सावकारांच्या दृष्टीने शेतकऱ्याच्या जमिनीस प्रथमच मोल आले. भाव उतरला तरी कर्ज उतरले नाही. त्यावर इ. स. १८९६-९७ चा व मागोमाग १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. तेव्हा चंद्रभानमामाचे दिवाळे ही एकट्याची मूर्खता नव्हती हे आपण लक्षात घेतले पाहिजे. कर्जबाजारी मनुष्य लाजेने तोंड लपवितो, त्याचे एक कारण हेच की सारा दोष आपलाच आहे असे तो समजतो. काही दोष त्याचा असतो, काही पावसाचा, काही बाजाराचा व काही सावकाराच्या लेखणीचा. सगळा एकाच खात्यावर मांडणे खरेपणाचे नव्हे.

मामाच्या गोष्टीत मला जो धडा दिसतो तो पावतीपुरताच नाही. हिशेब दोघांच्या मध्ये होता, घेणारा व देणारा. आणि त्या दोघांपैकी एकासच वाचता येत होते. तिसरा कोणी त्या वहीकडे पाहणारा नव्हता. गावात चार शहाणे लोक नव्हते काय? तालुक्याच्या ठिकाणी अर्ज लिहिणारा, कायदा जाणणारा कोणी नव्हता काय? होते. परंतु त्यांजकडे जाणे म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, असे आपल्या लोकांस वाटते. सावकारास हे पक्के ठाऊक असते. त्याची खरी शक्ती पैशात असते त्याहून अधिक ह्या गुप्ततेत असते. ज्या एका माणसापासून गोष्ट लपवायची, तो सोडून बाकी सर्वांपासून आपण ती लपवितो, आणि मग आपल्या पूर्ण स्थितीची माहिती जगात एकट्या त्यालाच असते.

सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली तेव्हा काय झाले, हे वऱ्हाडात अजून सांगतात. देबूजी नांगर धरून उभा राहिला व हलला नाही. चकमक झाली. एका तरुण मजुराने सावकाराच्या माणसांस पिटाळून लावले, ही वार्ता पंचक्रोशीत पसरली, व सावकारास पुढे काही तडजोड करावी लागली. हाणामारीची मी तरफदारी करीत नाही; पण एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. त्या दिवशी प्रथमच ती भानगड गावासमोर उघड्यावर आली, आणि जे वहीच्या अंधारात खुशाल चालले होते ते उजेडात चालेना.

त्यानंतरचा एक प्रसंग लहान आहे, पण मला तो चकमकीपेक्षा मोठा वाटतो. देबूजीस मुलगी झाली. बारशास ज्ञातीस दारू व मटण घालण्याची चाल होती. घरात नसले तर कर्ज काढून घालीत. न घालणाऱ्याची छीथू होई. देबूजीने साधे गोड जेवण केले. लोक नाराज झाले, ते त्याने सोसले. आता विचार करा. ज्या मनुष्यास आपल्याजवळ पैसा नाही असे बोलून दाखविण्याची लाज वाटते, तो पंगतीसाठी कर्ज काढतो. ज्यास ती लाज वाटत नाही, त्यास पंगत सोपी आहे. ज्ञातीच्या तोंडावर नाही म्हणणे म्हणजे आपल्या घराची खरी स्थिती सर्वांस सांगणेच होय. फक्त आकडा सांगितलेला नसतो, आणि तो ज्ञातीस सांगण्याचे कारणही नसते. आपल्या मंडळीतही लग्नाच्या वेळी हेच घडते. जुनी चाल सोडली असे आपण म्हणतो, पण बँड, मंडप व जेवणावळ ह्यांसाठी शेत गहाण पडते, आणि वर्षाने पाहुण्यांस मुलीच्या लग्नातली भाजी आठवत नाही, व्याज मात्र बापास रोज आठवते.

इ. स. १९०५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस, पहाटे, देबूजी घर सोडून गेले. आई, पत्नी व मुले मागे राहिली. कोणास सांगितले नाही. येथे मी गाडगेबाबांचा गौरव करणाऱ्या लेखकांपासून थोडा वेगळा पडतो. पुढे त्यांनी जे थोर कार्य केले ते पाहून लोक ह्या गुपचूप जाण्यास वैराग्य म्हणतात. असेल, परंतु त्या सकाळी सखूबाई व कुंताबाई ह्यांना जे वाटले असेल ते वैराग्याच्या नावाने हलके झाले नसेल. कर्जात बुडालेला पुरुषही पुष्कळदा असाच एका रात्री निघून जातो, कोणी पुणे-मुंबईकडे, कोणी त्याहून दूर जेथून परत येता येत नाही. गाडगेबाबा कर्जापायी गेले नव्हते व ते कोठे हरवलेही नाहीत, हे खरे. पण ज्यांना सांगावयाचे त्यांना न सांगता जाणे हे त्यांच्या चरित्रातील अनुकरण करण्यासारखे पान नव्हे, असे मला वाटते.

बारा वर्षे ते अज्ञातपणे भटकले. गावात जावे, रस्ते व नाल्या झाडाव्या, कोणी भाकरी दिली तर त्याच गाडग्यात घ्यावी, व पुढे चालते व्हावे, असा क्रम होता. ह्याच काळात त्यांचे मन पूर्णा नदीच्या काठच्या एका क्षेत्रावर बसले, आणि त्या क्षेत्राचे नाव ऋणमोचन आहे. कर्जातून सुटका, असा त्या नावाचा अर्थ. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. तेथे नदीत बुडी मारली की ऋण फिटते, अशी लोकांची भावना. त्या काठास धड घाट नव्हता. यात्रेकरू चिखलात घसरून पडत. देबूजींनी यात्रेची जागा झाडली, उतार नीट केले, आणि १९०८ च्या सुमारास लोकांच्या मदतीने तेथे घाट उभा राहिला. त्यांचा स्वतःचा विश्वास बुडीने ऋण फिटण्यावर नव्हता हे त्यांच्या पुढील सर्व कीर्तनांवरून दिसते. तरी त्या ठिकाणी येणारा मनुष्य काय ओझे घेऊन येतो हे दापुऱ्याच्या भाच्यास सांगावे लागत नव्हते. देवास सांगून झाल्यावर तो मनुष्य तेच ओझे घेऊन घरी जात असे, कारण देवाखेरीज कोणास त्याने ते सांगितलेले नसे.

पवित्र शास्त्रात ह्याच विषयावर एक लहान गोष्ट आहे व ती आपल्या वाचकांस पाठ आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील विधवा. नवरा मेला, धनको दोन मुलांस दास करून नेण्यास आला. तिने कोणास सांगितले, ते पाहा. ती अलीशाकडे गेली व काही हातचे न ठेवता सर्व सांगितले. त्याने तिला आधी घरात काय आहे ते विचारले, म्हणजे देणे ऐकून झाल्यावर असणे ऐकले. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास लावले. शेजाऱ्यांपाशी तिने भांडी मागितली. तिने त्यांना कर्जाची कथा सांगितल्याचे लिहिलेले नाही. आणि तेल ओतताना दार लावून घ्यावयाचे होते. आत मुले होती. म्हणून मी पाहतो की, जो ऐकून काही करू शकेल अशा एकास सर्व सांगावे. घरातील मुलांना त्यात हाताशी धरावे. शेजाऱ्यांस त्यांच्या भांड्यापुरते सांगावे. आणि बाकीच्यांसाठी दार लावण्यात पाप नाही. सर्वांपासून लपविणे व सर्वांस सांगत सुटणे ह्यांच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे.

कायद्याचीही रीत ह्याहून फार निराळी नाही, आणि आपल्या लोकांस ती ठाऊक नसते म्हणून येथे चार ओळी खर्च करतो. इ. स. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये, ज्याचे देणे ५०० रुपयांवर गेले व फेडण्याची ऐपत राहिली नाही, असा ऋणको स्वतः कोर्टात अर्ज करू शकतो. त्या अर्जात सर्व धनकोंची नावे, प्रत्येकाचे देणे व आपली सर्व मालमत्ता लिहावी लागते. एखादा धनको किंवा एखादे शेत लपविले तर तो गुन्हा होतो. कोर्ट सर्व धनकोंस कळविते व हिशेब सर्वांसमोर होतो. लाजेने लोक ह्या मार्गास जात नाहीत, परंतु अर्धे सांगणाऱ्यास तेथे आश्रय नाही व पूर्ण सांगणाऱ्यास आहे, हे त्याचे मर्म आहे. दिवाणी कायद्याप्रमाणे जप्तीतही अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, आणि शेतकऱ्याची अवजारे, जरुरीचे बैल व बियाणे नेता येत नाही. पण हे ज्याने कोणास विचारलेच नाही तो भीतीने बैल आपणच सोडून देतो. मध्य प्रांत व वऱ्हाडात इ. स. १९३३ नंतर कर्जाची तडजोड करणारी मंडळे निघाली, व १९३४ च्या कायद्याने सावकारावर हिशेब ठेवण्याचे व तो ऋणकोस देण्याचे बंधन आले. चंद्रभानमामासाठी ते पुष्कळच उशिरा आले. महाराष्ट्रात इ. स. २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. वकील करण्यास पैसा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून गरिबास फुकट कायदेशीर मदत मिळते. ह्या सर्व ठिकाणी पहिली अट एकच, जाऊन सांगणे, आणि सांगताना कागद बरोबर नेणे.

आता बाबांच्या कीर्तनाकडे येऊ. इ. स. १९१७ नंतर त्यांचे नाव सर्वत्र झाले. पंढरपुरास त्यांनी अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधविली, पुढे इ. स. १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, मूर्तिजापूर, मुंबई अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा, सदावर्ते, शाळा निघाल्या. त्या सर्वांचे वर्णन येथे करीत नाही. कीर्तनाची रीत मात्र सांगितली पाहिजे. बाबा आपल्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. कर्ज, व्याज, अंगठा, सावकार, लग्नाचा खर्च, तीर्थयात्रेचा खर्च हे त्यांचे नेहमीचे विषय. कर्ज काढून सण करू नका, तीर्थास जाऊ नका, घरातील ताट विकावे लागले तरी विका व भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांस शाळेत घाला, असे त्यांचे सांगणे असे. मुलास शाळेत घालणे व कर्ज ह्यांचा त्यांनी जो संबंध जोडला, तो दापुऱ्यास शिकलेला होता. ज्या घरात एक मूल वाचणारे असते, त्या घरात सावकाराच्या वहीकडे पाहणारा तिसरा मनुष्य असतो.

ह्या रीतीत आणखी एक शहाणपण होते. पाचदहा हजार माणसे बसलेली असता बाबा सर्वांस मिळून विचारीत. सर्व मिळून उत्तर देत. जो खरोखर कर्जात आहे तो आपल्या शेजाऱ्याचा आवाज ऐके, व आपण एकटेच नाही हे त्यास कळे. त्याचे नाव कोणी घेतले नाही, आकडा कोणी विचारला नाही, पण घरी जाताना त्याच्या छातीवरचा धोंडा थोडा हलका झाला असेल. उपदेशकांनी ह्याकडे लक्ष द्यावे. प्रार्थनेच्या वेळी अमक्याच्या घरावर जप्ती आली आहे असे मोठ्याने बोलणे ही प्रार्थना नव्हे, ती दवंडी होय. एखाद्याने विश्वासाने सांगितलेले कर्ज उपदेशकाच्या तोंडून बाहेर पडले, तर त्या गावात पुन्हा कोणी कोणास सांगणार नाही, आणि त्याचे फळ पुढे कोणाच्या तरी घरी दिसेल. आपल्या अमरावती-अकोल्याच्या प्रांतात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरे उघडी पडली हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. अशा घरी भेटीस गेले असता बायको पुष्कळदा एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत सांगते, की एवढे देणे आहे हे मला ठाऊक नव्हते. तेराव्या दिवसाच्या आत एकेक धनको दारात येतो व तिला आकडा कळतो. म्हणजे सांगितले जातेच. फक्त ते सांगणारा निराळा असतो व वेळ निराळी असते.

पैशाच्या बाबतीत गाडगेबाबांनी स्वतः जो नियम पाळला तो दापुऱ्याच्या अगदी उलट होता. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण ते पैशास हात लावीत नसत. देणगी गावच्या प्रमुख लोकांच्या किंवा विश्वस्तांच्या हाती जाई, हिशेब ते ठेवीत. धर्मशाळा व संस्था विश्वस्तांच्या नावे झाल्या; आपल्या कुटुंबाचा त्यांवर हक्क राहू नये अशी त्यांनी तजवीज केली. कुंताबाईंस त्या वैभवातून काही मिळाले नाही, त्या गरिबीतच राहिल्या. हा कडकपणा मला कधी कधी जास्त वाटतो. परंतु ज्याच्या मामाचे घर एका माणसाच्या हातातील एका वहीने बुडविले, तो मनुष्य एकाच्या हातात वही राहू देणार नाही, हे समजण्यासारखे आहे. स्वतः निरक्षर असून त्यांनी असे केले की त्यांच्या नावाने जमलेल्या प्रत्येक रुपयाकडे वाचता येणारी पुष्कळ माणसे पाहत होती.

इ. स. १९२३ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद कुत्रे चावून वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. वार्ता आली, ती त्यांनी ऐकली, व कीर्तन पुढे चालविले. त्यांच्या सोशिकपणाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सर्वत्र सांगतात. मी ती एवढ्यासाठी लिहितो की, त्यांच्या आयुष्यात दुःख कमी होते म्हणून ते इतरांच्या देण्याविषयी इतके मोकळे बोलू शकले, असे कोणी समजू नये.

इ. स. १९५२ मध्ये त्यांच्या संस्थांच्या कामासाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. इ. स. १९५६ च्या डिसेंबरात, डॉ. आंबेडकर ६ तारखेस निवर्तल्यानंतर दोनच आठवड्यांनी, बाबांची प्रकृती फार बिघडली. त्यांस मोटारीतून अमरावतीकडे आणीत असता, २० तारखेच्या रात्री, वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. वय ऐंशी वर्षांचे होते. देह अमरावतीस नेला व तेथे अंत्यविधी झाला; त्या भागास आता गाडगेनगर म्हणतात. मागे धर्मशाळा, शाळा व सदावर्ते राहिली, त्यांचे हिशेब विश्वस्तांच्या दप्तरी होते. स्वतःच्या नावे शेत नव्हते, घर नव्हते, आणि कोणाचे देणेही नव्हते.